ग्राउंडहॉगसाठी ब्लाइंड लावायचा असेल तर आधी गोळी कुठे थांबणार ते ठरवा, तंबू नंतर

प्रश्न थोडक्यात असा, की अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टरच्या बाजूला ओळखीच्या शेतकऱ्याने सोयाबीनमधले ग्राउंडहॉग (बिळात राहून पीक खाणारे, खारीच्या कुळातले प्राणी) कमी करायला सांगितलंय, शिकारीचं लायसन्स झालंय, रायफल आहे, आता पॉप-अप ब्लाइंड (शिकाऱ्याने लपून बसायचा, झटकन उभा होणारा तंबू) कोणता घ्यावा, बिळापासून किती लांब लावावा आणि कॅमोचे (रानात मिसळून जाणाऱ्या रंगांचे) कपडे लागतात का. उत्तर लांबणार आहे कारण ब्लाइंड कोणता हा यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे आणि नेमके त्यावरच लोक सगळे पैसे घालतात. दोन-तीनशे डॉलरचा तंबू आणतात, बिळापासून तीस यार्डांवर (एक यार्ड म्हणजे तीन फूट) ठोकतात आणि मग दिवसभर आत घामाघूम होऊन बसतात, ग्राउंडहॉग मात्र खाली बिळात आरामात झोपलेला. माझी पद्धत उलटी आहे. गोळी कुठे थांबणार तिथून सुरुवात करायची, मग बीळ, मग ऊन, मग अंतर, आणि हे सगळं जमलं की शेवटी आडोसा. बऱ्याचदा शेवटी कळतं की तंबूची गरजच नाहीये, कुंपणाच्या कडेला झुडपात एक जाळी टाकली तरी काम होतं.

आधी कायद्याचं बोलून घेऊ, कारण आपल्या लोकांच्या बाबतीत एक गोष्ट कोणी नीट सांगत नाही. एच-वन, एफ-वन, एल-वन वगैरे नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या मुक्कामाच्या) व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायलाच मनाई आहे, आणि त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्याला लागू होणारा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्यातरी राज्याचं चालू असलेलं हंटिंग लायसन्स. म्हणजे ते लायसन्स तुमच्यासाठी नुसतं शिकारीपुरतं नाहीये, त्याची मुदत संपली आणि रायफल कपाटात तशीच राहिली तर प्रकरण व्हिसापर्यंत जाऊ शकतं. ग्रीन कार्ड असेल तर हा मुद्दा नाही. व्हिसावाल्यांनी बंदूक विकत घ्यायच्या आधी एकदा वकिलाशी बोलून घ्या, मी वकील नाही. पहिल्यांदा लायसन्स काढताना हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करावाच लागतो, तुमचं लायसन्स झालंय म्हणजे तो झाला असणार.

पेनसिल्व्हेनियात ग्राउंडहॉगला जवळजवळ वर्षभर सीझन असतो, फक्त हरणांचा रेग्युलर फायरआर्म्स (बंदुकीने शिकारीचा) सीझन चालू असेल तेव्हा बंद, आणि तेव्हा हे महाराज जमिनीखाली शीतनिद्रेत असतात त्यामुळे तसा फरक पडत नाही. वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. डोक्यावर फ्लुरोसंट नारिंगी टोपी. आणि सेफ्टी झोन, म्हणजे राहत्या घरापासून, गोठ्यापासून, शाळेपासून १५० यार्डांच्या आत परवानगीशिवाय बंदुकीने शिकार नाही, धनुष्यबाणाला हेच अंतर ५० यार्ड, शाळेपासून मात्र त्यालाही १५०च. लँकेस्टरमध्ये फार्म छोटे आणि घरं जवळजवळ, त्यामुळे हा १५० यार्डांचा गोल फोनवर सॅटेलाइट नकाशात काढून बघा, अर्धं शेत त्यातच बाद होतं कधीकधी. तुमच्या शेतकऱ्याने स्वतःच्या घराजवळ परवानगी दिली तरी शेजाऱ्याच्या घराचं काय, ते वेगळं विचारावं लागतं. रविवारच्या शिकारीवरची जुनी बंदी २०२५ मध्ये उठली, पण आमिश (जुन्या धाटणीने राहणारा, रविवार पाळणारा ख्रिस्ती पंथ) शेतकरी असेल तर रविवारी त्याच्या शेतात बंदूक घेऊन जाऊ नका, कायदा काहीही म्हणो. नियम दरवर्षी थोडेथोडे बदलतात, गेम कमिशनचं (राज्याच्या शिकार खात्याचं) त्या वर्षीचं डायजेस्ट, म्हणजे नियमपुस्तिका, एकदा डोळ्याखालून घाला. मी इथे फक्त खाजगी शेताबद्दल लिहितोय, सरकारी गेम लँड्सवर ब्लाइंड उभा करून सोडून यायचे नियम वेगळे आहेत.

आता प्राणी. ग्राउंडहॉग म्हणजे खारीच्या कुळातला, लडाखला पँगाँगच्या वाटेवर पर्यटक ज्यांना बिस्किटं चारतात (चारू नयेत, पण चारतात) त्या मार्मोटचा सख्खा चुलत भाऊ. वजन साधारण २ ते ६ किलो, उन्हाळ्याच्या शेवटी सगळ्यात गुबगुबीत. दिवसा बाहेर पडणारा प्राणी आहे, नजर तेज, कान तेज. आणि याची बनावट बघा, डोळे, कान आणि नाक तिन्ही डोक्याच्या वरच्या बाजूला जवळजवळ एका रेषेत, त्यामुळे बिळातून दोन इंच डोकं वर काढलं की ऐकणं, बघणं, हुंगणं सगळं एकदम होतं आणि तुम्हाला दिसतो तो फक्त एक तपकिरी ठिपका, तोही मातीच्या ढेकळासारखा. तुम्ही त्याला बघायच्या आधी तो तुम्हाला पाच मिनिटं बघत असतो असंच धरून चाला.

बिळाला एकच तोंड सहसा नसतं. मुख्य तोंड दहा-बारा इंच रुंद आणि पुढे उकिराचा मोठा ढीग, ते लांबून दिसतं. त्याच ढिगावर तो सकाळी चावडीवरच्या म्हाताऱ्यासारखा ऊन खात बसतो. पण त्याशिवाय एक किंवा जास्त चोरवाटा असतात, आतून खोदलेल्या, त्यामुळे बाहेर माती अजिबात नाही, गवतात सरळ खाली जाणारं भोक. शेतात चालताना पाय जातो तो यातच. नवीन माणूस ब्लाइंड लावतो मुख्य तोंडाकडे बघून आणि ग्राउंडहॉग मागच्या चोरवाटेतून बाहेर येऊन निवांत चरून परत जातो. म्हणून ब्लाइंड लावायच्या आधी दोन संध्याकाळी लांबून, शेताच्या दुसऱ्या टोकाला गाडीत बसून दुर्बिणीने नुसतं बघा. कुठून निघतो, कुठल्या वाटेने सोयाबीनमध्ये घुसतो, घाबरला की कुठल्या भोकात पळतो. तो फार लांब जात नाही, बिळाच्या आसपासच चरतो, त्यामुळे सोयाबीनमध्ये बिळासमोर अर्धगोल टक्कल पडलेलं दिसेल, त्या टकलाच्या मध्यापासून कुंपणाकडे रेघ मारली की बीळ सापडलंच.

बीळ चालू आहे का ओसाड, हेही बघून घ्या. ताजी ओलसर माती, तोंडापाशी झिजून गुळगुळीत झालेली जमीन, आणि उन्हाळ्यात तोंडावर घोंगावणाऱ्या माश्या, असं असेल तर आत कोणीतरी आहे. तोंडावर कोळ्याचं जाळं किंवा सुका पालापाचोळा असेल तर बहुतेक नाही. शंका असेल तर तोंडावर दोन-तीन काटक्या आडव्या ठेवून या आणि दुसऱ्या दिवशी बघा. पण एक आहे, काटक्या सरकल्या म्हणजे ग्राउंडहॉगच असं नाही, त्याच्या जुन्या बिळात कोल्हा राहतो, स्कंक (घाण वासाचा फवारा मारणारा प्राणी) राहतो, पॉसम राहतो, ससे तर असतातच. स्कंक असेल तर काटक्या ठेवायला वाकलेल्या माणसाला ते लगेच कळतं, घरी कोणी आत घेत नाही नंतर.

आता मुख्य मुद्दा, बॅकस्टॉप. म्हणजे गोळी प्राण्याच्या आरपार गेली किंवा चुकली तर पलीकडे काय आहे. साधी .२२ लाँग रायफलची (हे एका छोट्या काडतुसाचं नाव) गोळीसुद्धा दीड मैलापर्यंत जाऊ शकते, तिला खेळण्यातली समजणारी माणसं मला सगळ्यात धोकादायक वाटतात, शिवाय ती शिशाची हळू गोळी कडक जमिनीवर, दगडावर आपटून उसळते फार. लँकेस्टर, बर्क्स, यॉर्क हा सगळा भाग उंचसखल टेकड्यांचा आहे, त्याचा फायदा घ्या. बीळ समोरच्या चढावर असेल आणि तुम्ही अलीकडच्या उतारावर जरा उंचावर असाल तर गोळी थेट मातीत जाते. हीच आदर्श जागा. बीळ टेकडीच्या माथ्यावर असेल आणि ग्राउंडहॉग आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभा दिसत असेल तर फोटो छान येईल, गोळी झाडायची नाही, विषय संपला. त्या बिळासाठी दुसऱ्या बाजूने जागा शोधा किंवा ते बीळ सोडून द्या. सपाट शेत असेल तर उंची तुम्हाला तयार करावी लागते, गवताच्या मोठ्या गोल गठ्ठ्यांच्या वर बसता येतं (शेतकऱ्याला विचारून, प्लॅस्टिक गुंडाळलेल्या गठ्ठ्यांवर चढायचं नाही, भोक पडलं तर आतला चारा खराब होतो), किंवा शिडीचा स्टँड कुंपणातल्या झाडाला लावता येतो. सात-आठ फूट उंचीवरूनसुद्धा गोळीचा कोन बराच बदलतो. मचाण ही गोष्ट आपल्याकडे नवीन नाही, इथे फक्त वाघाच्या जागी सहा किलोचा उंदीर आहे एवढंच.

नकाशावर बिळापासून मागे, ज्या दिशेने गोळी जाईल त्या दिशेने रेघ ओढा आणि त्या रेघेवर काय काय येतं ते बघा, रस्ता, शेजाऱ्याच्या गाई, घोडागाड्यांचा रस्ता, शाळा. लँकेस्टरमध्ये आमिश मुलं शेतातून चालत शाळेत जातात, शेतात घोडे जुंपून माणसं काम करतात आणि ट्रॅक्टरचा आवाज नसल्यामुळे ती आहेत हे कळत नाही. म्हणून ब्लाइंडची खिडकीच अशी लावायची की फक्त सुरक्षित पट्टा दिसेल. मी पॉप-अपच्या चार-पाच खिडक्यांपैकी एकच उघडतो आणि तीसुद्धा दोन्ही कडांनी कापडाने अरुंद करतो, म्हणजे मोह झाला तरी नळी चुकीच्या दिशेला फिरतच नाही. लोक म्हणतात यामुळे संधी जाते. जाऊ दे.

मग ऊन. सकाळी बसणार असाल तर सूर्य तुमच्या पाठीशी हवा, म्हणजे ब्लाइंड बिळाच्या पूर्वेला आणि तोंड पश्चिमेकडे. संध्याकाळी उलट. यात दोन फायदे, एक तर ऊन त्याच्या डोळ्यात जातं आणि तुमच्या स्कोपच्या (रायफलवरच्या दुर्बिणीच्या) काचेवर पडत नाही, दुसरं म्हणजे तपकिरी ठिपका उजेडात उठून दिसतो. एकाच जागी सकाळ-संध्याकाळ दोन्ही जमवायचं असेल तर उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे बघणारी जागा निवडा, पण बॅकस्टॉप आणि ऊन यात भांडण झालं तर बॅकस्टॉप जिंकतो.

अंतर हत्यारावर ठरतं, बिळावर नाही. .२२ लाँग रायफल असेल तर ७५ यार्डांच्या पलीकडे मी कोणाला सांगणार नाही, ५० यार्डांवर झिरो केलेली (त्या अंतराला नेम जुळवलेली) असेल तर १०० ला पोचेपर्यंत गोळी साधारण सहा इंच खाली आलेली असते आणि ग्राउंडहॉगचा नेमका मर्मभाग जेमतेम चार इंचांचा. जखमी होऊन बिळात गेला तर तो हाती लागत नाही आणि आत हळूहळू मरतो, हे होऊ नये यासाठीच तर सगळा खटाटोप. .१७ एचएमआर (त्याहून बारीक पण वेगवान गोळीचं काडतूस) असेल तर १०० ते १२५ यार्ड उत्तम, १५० पर्यंत ओढता येतं पण तिची गोळी फक्त १७ ग्रेनची (जेमतेम एक ग्रॅम), ताशी दहा मैलांचा आडवा वारा असला तर १५० यार्डांवर सात-आठ इंच बाजूला जाते. .२२३ किंवा .२२-२५० अशी जास्त ताकदीची असेल तर २०० यार्ड आरामात, पण लँकेस्टरसारख्या दाट वस्तीत मला .१७ एचएमआर जास्त आवडते, आवाज कमी, आणि हलकी फुटणारी गोळी मातीत लागली की तुकडे होते. उसळतच नाही असं मात्र समजू नका. तुमच्याकडे कोणती आहे ते लिहिलेलं नाही, पण कुठलीही असो, ब्लाइंड आणि बीळ यांतलं अंतर रेंजफाइंडरने मोजा आणि बिळाजवळच्या दोन-तीन खुणा, कुंपणाचा खांब, दगड, वाळलेलं झाड, यांचंही अंतर कागदावर लिहून ब्लाइंडमध्ये आत चिकटवा. अंदाज लावण्यात हुशारी नाही.

एवढं झालं की तंबू. हब टाइपचा, म्हणजे बाजूच्या भिंती बाहेर ओढल्या की ताठ होतात तसा, साधारण पाच बाय पाच फुटांचा पुरतो एकट्याला. महागडा नको, फक्त दोन गोष्टी बघा, आतलं कापड काळं हवं आणि खिडकीची चेन किंवा हुक आवाज न करता उघडणारी हवी. वेल्क्रोवाली खिडकी असेल तर दुकानातच परत ठेवा, तो चर्रर आवाज १०० यार्डांवर ऐकू जातो. उभा करताना कोपऱ्यांचे खुंटे पूर्ण ठोका आणि वरून दोऱ्याही बांधा, कारण जूनमध्ये दुपारच्या वादळात बिनदोऱ्यांचे तंबू शेजारच्या मक्यात सापडतात, आणि दुसरं म्हणजे सैल कापड वाऱ्यात फडफडलं की ग्राउंडहॉग दिवसभर बाहेर येत नाही. स्थिर उभी असलेली मोठी वस्तू त्याला चालते, हलणारी छोटी वस्तू चालत नाही. शेतात उभा असलेला नांगर, गवताचा गठ्ठा, बंद पडलेली गाडी याच्याकडे तो बघतही नाही. म्हणून ब्लाइंड लावून तीन-चार दिवस तसाच रिकामा सोडा. घाई असेल तर कुंपणाच्या रेषेत, सावलीत, मागे झुडपं असलेल्या जागी लावा, मोकळ्या शेताच्या मधोमध नको. छपराची सरळ रेघ तेवढी मोडा, आसपासचं गोल्डनरॉड, वाळलेल्या मक्याची ताटं, काटेरी गुलाबाच्या फांद्या वरच्या फितींमध्ये खोचा. ज्या जागेचं गवत त्याच जागेचं वापरा.

सोयाबीनमध्ये तुमच्याकडे वेळ कमी आहे हेही लक्षात घ्या. मे महिन्यात पेरणी, जूनमध्ये कोवळी रोपं, तेव्हा नुकसान सगळ्यात जास्त आणि प्राणी दिसतोही. जुलै अर्धा उलटला की सोयाबीन इतकं वाढतं की आत घुसलेला ग्राउंडहॉग तुम्हाला दिसणारच नाही, मग फक्त कुंपणाची कड आणि बिळाचं तोंड एवढंच उरतं. जवळ लसूणघासाचं शेत असेल, इथे अल्फाल्फा म्हणतात, तर त्याची कापणी झाली की दुसऱ्या दिवसापासून पुढचा आठवडाभर तिथे बसा, यापेक्षा चांगली वेळ वर्षात नाही. शेतकऱ्याला फोन करून कापणीचा दिवस विचारून ठेवा, आणि फोन धार काढायच्या वेळी, पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला, करू नका. मागे उभं पीक तुडवायचं नाही, गाडी गवतावर घालायची नाही, फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं. परवानगी एका दिवसात मिळते आणि एका उघड्या फाटकाने जाते.

एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात आणि मे अखेरीस, जूनमध्ये ती बिळाबाहेर दिसायला लागतात. मी स्वतः ती आईशिवाय फिरायला लागेपर्यंत त्या बिळावर बसत नाही, जुलैच्या सुरुवातीला ती आपापली वाट धरतातच. कायद्याने बंधन नाही, आणि शेतकऱ्याला हे पटेलच असं नाही, त्याची रोपं जात असतात. तुम्ही तुमचं ठरवा. त्या दिवसांत दुसरी बिळं असतातच की.

आतली मांडणी. खाली जमिनीवरचं गवत, काड्या, सुकी पानं पूर्ण साफ करा, अगदी माती दिसेपर्यंत, पाय सरकला तरी आवाज नको. खुर्ची कुरकुरणारी नको, बसून बघा घरी. खुर्ची मागच्या भिंतीजवळ, तुम्ही सावलीत. मागच्या आणि बाजूच्या खिडक्या बंदच, कारण मागून उजेड आला की तुमची आकृती सिनेमाच्या पडद्यासारखी दिसते. रायफलसाठी ट्रायपॉड किंवा दोन वाळूच्या पिशव्या, हातात धरून नेम धरायचा नाही, तासाभराने हात थरथरतो. आणि इथे एक तांत्रिक गोष्ट जी पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही, स्कोप नळीच्या दीड-दोन इंच वर असतो, त्यामुळे स्कोपमधून समोर सगळं मोकळं दिसतं पण नळीच्या समोर खिडकीची कड किंवा दहा फुटांवरचा गवताचा उंचवटा असतो, आणि गोळी त्यातच जाते. बसल्यावर एकदा रायफल रिकामी आहे याची खात्री करून, बोल्ट (मागचा सरकता दांडा) काढून, नळीतून मागून बघा, ग्राउंडहॉगची जागा नळीतूनही दिसली पाहिजे. नळीचं टोक खिडकीच्या जेमतेम बाहेर असू द्या. पूर्ण आत ठेवलं तर लपायला बरं, पण बंद तंबूत आवाज कानाला फार लागतो आणि धूर-गॅस सगळा तोंडावर. शंभर-सव्वाशे यार्डांवर दोन इंच काळी नळी स्थिर असेल तर त्याला काही फरक पडत नाही. कानावर मफ लावाच, इलेक्ट्रॉनिक मिळाला तर उत्तम कारण बारीक आवाज ऐकू येत राहतात.

कॅमोबद्दल विचारलंय. तंबूत बसणार असाल तर कॅमोवर एक डॉलरही घालू नका, काळा किंवा गडद फुलशर्ट, चेहऱ्यावर आणि हातांवर काहीतरी, कारण अंधारात हलणारे हात आणि चेहरा हेच दिसतं. नारिंगी टोपीने बिचकेल का, असं सगळेच विचारतात. खारीच्या कुळाला लाल-नारिंगी रंग आपल्यासारखा वेगळा दिसत नाही, त्यामुळे टोपी घालून शांत बसलेला माणूस कॅमो घालून चुळबुळणाऱ्यापेक्षा शंभर पटीने बरा. वासाचं हरणाएवढं टेन्शन घेऊ नका, तरी वारा सरळ तुमच्याकडून बिळाकडे जात असेल आणि तुम्ही अत्तर मारून, मसाला डोसा खाऊन बसला असाल तर थोडी तरी लाज बाळगा.

बसायची वेळ उन्हाळ्यात सकाळी दव वाळत आलं की दहापर्यंत, आणि संध्याकाळी चारनंतर. मार्च-एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये थंडी असल्याने तो दुपारच्या उन्हात निघतो, तेव्हा वेळापत्रक फिरवा. ब्लाइंडकडे येताना बिळासमोरून चालत येऊ नका, कुंपणाच्या मागून या, आणि आलात तरी पहिली वीस-तीस मिनिटं तो गेलेलाच असतो असं धरा. दिसून आत पळाला तर उठू नका, बहुतेक वेळा अर्ध्या तासात डोकं परत वर येतं, आधी डोळ्यांपुरतं, मग खांद्यापर्यंत, मग पूर्ण. घाई करणारा माणूस डोळ्यांपुरत्या डोक्यावर गोळी घालतो आणि माती उडवतो. पूर्ण बाहेर येऊन, बिळापासून चार-पाच फूट तरी लांब, आडवा उभा राहू दे. चरत चालला असेल तर तोंडाने एक छोटी शिट्टी घाला, स्वतः शिट्टी मारणारा प्राणी आहे हा, व्हिसल-पिग म्हणतात त्याला, शिट्टी ऐकली की थांबून मागच्या पायांवर उभा राहतो. तेवढे दोन-तीन सेकंद तुमचे. उभा राहिल्यावर पलीकडे काय आहे ते पुन्हा एकदा बघा, कारण उभा राहिला म्हणजे एक-दीड फूट उंच झाला आणि मगाशी माती असलेल्या जागी आता रस्ता असू शकतो.

धनुष्य किंवा क्रॉसबो असेल तर वरचं अंतराचं सगळं विसरा, ब्लाइंड वीस-पंचवीस यार्डांवर लागतो, आणि तिथे मात्र तंबू आठवडाभर आधी लावणं, पूर्ण काळोख आणि नवा तंबूचा वास जाऊ देणं हे सगळं लागतंच. सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता गोचीड. लाइम रोगाच्या (गोचीड चावून होणाऱ्या आजाराच्या) केसेस देशात सगळ्यात जास्त असणाऱ्या राज्यांमध्ये पेनसिल्व्हेनिया येतं आणि शेताच्या कडेचं उंच गवत म्हणजेच तिचं घर, जून-जुलैमध्ये तिची पिल्लं खसखशीएवढी असतात, दिसतही नाहीत. कपड्यांवर, बुटांवर, खुर्चीवर, तंबूच्या खालच्या कडेवर पर्मेथ्रिन (गोचीड मारणारं औषध) मारून वाळू द्या, अंगावर नाही, फक्त कापडावर. आणि घरी मांजर असेल तर ओलं असताना तिला जवळ येऊ देऊ नका, मांजरांना ते विषारी आहे. पँट मोज्यात खोचा. घरी आल्यावर अंघोळ आणि काखा, कंबर, गुडघ्याची मागची बाजू, कानाच्या मागे नीट तपासा, चिकटलेली सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-तूप-काडेपेटी काही नाही. लाइमचा जंतू अंगात जायला साधारणतः चोवीस तासांच्या वर लागतात, त्यामुळे रोज तपासणाऱ्याला फारसा धोका नाही. दुसरी ती पॉयझन आयव्ही, तीन-तीन पानांची वेल, कुंपणाच्या झाडांवर हमखास चढलेली. ब्लाइंडला खोचायला फांद्या तोडताना हातमोजे घाला. ही आपल्या बिब्ब्याच्या आणि आंब्याच्या कुळातली आहे, त्यामुळे ज्यांना बिब्बा उतलाय किंवा आंब्याच्या चिकाने तोंडावर फोड येतात त्यांनी तर दुप्पट सांभाळा.

काळा तंबू जुलैमध्ये भट्टी होतो, दोन लिटर पाणी लागतंच, आणि गरगरायला लागलं तर उठून या.

मारल्यावर हातमोजे घालूनच उचला. अमेरिकेत उंदीर-खारीच्या गटात रेबीज सगळ्यात जास्त सापडतो तो ग्राउंडहॉगमध्येच, म्हणून जो सरळ तुमच्याकडे चालत येतोय, अडखळतोय, पळत नाहीये, त्याला हात लावू नका, शेतकऱ्याला आणि गेम कमिशनला कळवा. निरोगी कोवळा असेल तर लोक खातात, गवत खाणारा प्राणी आहे, पुढच्या पायांखालच्या आणि पाठीवरच्या गंधग्रंथी मात्र न फोडता काढाव्या लागतात नाहीतर सगळं मटण वास मारतं. मग आपला कांदा-खोबऱ्याचा वाटण मसाला, मंद आचेवर दोन तास. म्हातारा नर असेल तर कुकरलासुद्धा दाद देत नाही. खाणार नसाल तर कुठे टाकायचं ते शेतकऱ्यालाच विचारा, बांधावर फेकून देऊ नका.

आणि बीळ. शेतकऱ्याला ते बुजवून हवं असतं, कारण गुरांचे, घोड्यांचे पाय त्यातच मोडतात आणि ट्रॅक्टरचं चाक खचतं. लगेच बुजवू नका, आठवडाभर तोंडावर काटक्या ठेवून बघा, आत दुसरं कोणी नाही याची खात्री झाली की मग दगड आणि माती, चोरवाटासुद्धा. रिकाम्या बिळात दुसरा ग्राउंडहॉग लवकरच राहायला येतो, त्यामुळे हे काम टाळलं तर पुढच्या जूनमध्ये त्याच खिडकीतून तेच बीळ बघत बसाल. तुमच्या शेताचा चढ कुठल्या दिशेला आहे आणि रायफल कोणती आहे ते सांगितलंत तर जागेबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.